जेवणात लिंबू, चहा मात्र तासाभराने



या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण रोजच्या ताटातल्या एका अगदी साध्या वस्तूचा अभ्यास करणार आहोत. ती वस्तू म्हणजे लिंबू, आणि त्याची भावंडे संत्रे व मोसंबी. विषय लहान वाटेल, पण त्याचा संबंध आपल्या घरातल्या माता-भगिनींच्या रक्ताशी आहे. म्हणून हे पान घरातल्या पुरुषांनीही वाचावे, ही विनंती.

एक चित्र डोळ्यांसमोर आणा. एव्हरशाईन सिटीतली एक ताई सकाळी पाचला उठते. सगळ्यांचे डबे भरते, स्वतः उभ्या उभ्या चहाबरोबर एक चपाती खाते आणि रिक्षाने वसई स्टेशन गाठते. तिथून चर्चगेटपर्यंत बहुतेक वेळा उभ्याने प्रवास. रात्री घरी आल्यावर दुसऱ्या मजल्यावर चढताना तिला धाप लागते. पायात गोळे येतात, केस गळतात, दुपारी डोळ्यांवर झापड येते. ‘वय झालं आता’ असे ती म्हणते. वय असते अवघे ३८. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन निघते नऊ. डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात आणि ती त्या रोज नियमाने घेते, पण चहाबरोबर.

अशा ताया आपल्यात किती आहेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांपैकी ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत (२०१५-१६) हे प्रमाण ४८ होते. म्हणजे ते कमी न होता वाढले. विहारात रविवारी वंदनेला दहा भगिनी बसल्या असतील, तर त्यांतल्या पाच जणी अशा असू शकतात.

हिमोग्लोबिन किती असावे? गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे १२ च्या खाली, गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली आणि प्रौढ पुरुषाचे १३ च्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात.

लोह ताटात असते, रक्तात का जात नाही?

आपल्या घरी पालेभाजी होते, डाळ होते, कधी बाजरीची भाकरी होते. या सगळ्यांत लोह आहे. तरीही ते अंगी लागत नाही, कारण धान्य, डाळी आणि भाज्यांमधले लोह शरीरात सहज शोषले जात नाही. शंभर भाग खाल्ले तर साधारण पाच ते दहा भागच आतड्यातून रक्तात जातात. धान्य-कडधान्यांच्या सालीत फायटेट नावाचे द्रव्य असते, ते लोहाला धरून ठेवते. चहा-कॉफीतील टॅनिनसारखी द्रव्येही तेच करतात. अशा रीतीने अडकलेले लोह आतड्यातून तसेच पुढे निघून जाते.

इथे ‘क’ जीवनसत्त्व उपयोगी पडते. ते लोहाचे रूप असे बदलते की ते विरघळलेले राहते आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जाते. लिंबातल्या आंबटपणाची, म्हणजे सायट्रिक आम्लाची, त्याला मदत होते. पण एक अट आहे. हे दोन्ही एकाच जेवणात पोटात गेले पाहिजेत. सकाळी लिंबूपाणी घेतले आणि पालेभाजी रात्री खाल्ली, तर या कामासाठी त्या लिंबाचा उपयोग नाही.

लिंबवर्गीय फळांचा गुण जगाला फार पूर्वी दिसला होता. १७४७ मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलाच्या डॉक्टरने जहाजावरच्या स्कर्व्ही झालेल्या १२ खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. हिरड्यांतून रक्त येणारे, उठताही न येणारे ते खलाशी होते. ज्या जोडीला संत्री आणि लिंबे दिली, ती सर्वांत लवकर बरी झाली. त्यामागचे ‘क’ जीवनसत्त्व ओळखले गेले ते पुढे विसाव्या शतकात. सांगण्यावर न जाता करून पाहायचे, तुलना करायची आणि मग मानायचे, ही रीत आपल्याला परकी नाही.

एका लिंबात किती?

इथे थोडा हिशेब करू, कारण लिंबाबद्दल आपल्या मनात जरा जास्तच समजूत आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला ६५ मिलिग्रॅम आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व लागते. अंगावर पाजणाऱ्या आईला ११५ मिलिग्रॅम लागते. एका मध्यम कागदी लिंबातून तीन-चार चमचे रस निघतो, आणि त्यात साधारण सहा ते नऊ मिलिग्रॅमच ‘क’ जीवनसत्त्व असते. म्हणजे वरणावर पिळलेली एक फोड चवीला छान आणि मदतीला थोडीशी.

मग बाकीचे कुठून आणायचे?

– सोललेले संत्रे किंवा मोसंबी, १०० ग्रॅम : साधारण ४० ते ४५ मिलिग्रॅम
– पेरू, १०० ग्रॅम : २०० मिलिग्रॅमहून अधिक
– आवळा, १०० ग्रॅम : २०० मिलिग्रॅमहून अधिक
– कच्चा कोबी, कोथिंबीर, ढोबळी मिरची, कैरी : यांतही चांगले प्रमाण

म्हणून आपला नियम असा ठेवू : जेवणावर लिंबू पिळायचे आणि त्याच जेवणात यांपैकी आणखी एक वस्तू घ्यायची. लिंबाची कोशिंबीर असेल तर वर कोथिंबीर भरपूर. साधे वरण-भात-भाजी असेल तर जेवण संपताना एक संत्रे. दोन पेरूच्या फोडी डब्यात टाकल्या तरी काम झाले. पेरूला ‘गरिबाचे सफरचंद’ म्हणतात, पण ‘क’ जीवनसत्त्वात सफरचंद त्याच्या जवळपासही येत नाही.

स्वयंपाकघरातले पाच नियम

१. गॅस बंद करा, मग लिंबू पिळा. ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने आणि हवेने नष्ट होते. उकळत्या आमटीत पिळलेल्या लिंबाचा आंबटपणा राहतो, जीवनसत्त्व बरेचसे जाते. ताटात वाढल्यावर पिळले तर उत्तम.

२. भाजी आधी धुवा, मग चिरा. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळते. चिरलेली भाजी पाण्यात भिजत ठेवली की ते पाण्याबरोबर मोरीत जाते.

३. चहा आणि जेवण यांत एक तासाचे अंतर ठेवा. या पानातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. याला पैसा लागत नाही.

४. लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. तिच्यात टोमॅटो किंवा आमसूल घालून केलेल्या भाजीत कढईतले थोडे लोह उतरते. भाजी झाली की लगेच स्टीलच्या भांड्यात काढा, नाहीतर ती काळी पडते आणि लोखंडाची चव लागते. लिंबू स्टीलच्या भांड्यात काढल्यावर पिळा.

५. लिंबाचा पदार्थ अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नका. आंबटामुळे धातू पदार्थात उतरतो. स्टील, काच किंवा चिनी माती वापरा.

पाच साधे पदार्थ (चार माणसांसाठी)

*लाल माठाची भाजी.* एक मोठी जुडी धुऊन बारीक चिरा. कोवळे देठही घ्या. लोखंडी कढईत दोन चमचे तेलात चार-पाच लसूण पाकळ्या ठेचून, दोन हिरव्या मिरच्या आणि एक कांदा परता. एक टोमॅटो घाला, मग भाजी घाला. पाणी घालू नका, तिचे तिलाच सुटते. झाकण ठेवून सात-आठ मिनिटांत होते. मीठ शेवटी घाला, कारण भाजी आळून थोडी होते आणि आधी घातलेले मीठ जास्त होते. स्टीलच्या पातेल्यात काढून एक लिंबू पिळा. हीच रीत चवळीच्या पाल्याला, पालकाला आणि शेवग्याच्या पाल्याला चालते.

*मोडाच्या मटकीची कोशिंबीर.* दोन वाट्या मोड आलेली मटकी पाच-सात मिनिटे वाफवा. पूर्ण कच्ची खाऊ नका, पोटाला जड जाते आणि जंतूंचा धोकाही असतो. गार झाली की कांदा, टोमॅटो, अर्धी वाटी चिरलेली कोथिंबीर, किसलेला कोबी, चवीपुरते मीठ आणि एक लिंबू. वरून दोन चमचे दाण्याचे कूट. मोड आल्याने फायटेट कमी होते, म्हणजे लोहाची वाट निम्मी आधीच मोकळी झालेली असते. डब्यात न्यायची असेल तर लिंबाची फोड वेगळी न्या आणि खाताना पिळा.

*सुकटीची कोशिंबीर.* आपल्या ताटात सुकट, जवळा, बोंबील पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी नाके मुरडली म्हणून ते सोडण्याचे कारण नाही. माशातले लोह सहज शोषले जाते आणि सोबत खाल्लेल्या भाजी-डाळीतले लोह शोषायलाही मासा मदत करतो. एक वाटी सुकट निवडून कोरडी भाजा, गरम पाण्यातून दोनदा धुऊन घट्ट पिळा आणि थोड्या तेलात पुन्हा कुरकुरीत परता. धुतल्याने खारटपणा आणि वाळू दोन्ही जातात. त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि एक लिंबू. वरून मीठ मुळीच नको. ज्वारीच्या किंवा तांदळाच्या भाकरीबरोबर खा. जे मांसाहार करत नाहीत त्यांनी सुकटीऐवजी भाजलेले हरभरे आणि दाणे घ्यावेत.

*लिंबू भात.* मुलांना घेऊन नालासोपाऱ्याचा स्तूप पाहायला जायचे असेल, तर डब्यासाठी हा उत्तम. चार वाट्या शिजलेला मोकळा भात ताटात पसरून गार करा. दोन चमचे तेलात मोहरी, अर्धी वाटी शेंगदाणे, एक चमचा हरभरा डाळ, कढीपत्ता, मिरची आणि हळद यांची फोडणी करा. गॅस बंद करून भात मिसळा, मग दीड-दोन लिंबांचा रस आणि मीठ. उरलेला भात वापरायचा असेल तर तो रात्री फ्रिजमध्ये ठेवलेला असावा. ओट्यावर रात्रभर राहिलेला भात वापरू नका. त्यात वाढलेल्या जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

*संत्र्याची कोशिंबीर.* दोन संत्री सोलून, पाकळीवरची साल आणि बिया काढून घ्या. एक काकडी बारीक चिरा. दाण्याचे कूट, भाजलेल्या जिऱ्याची पूड, चिमूटभर मीठ, एक मिरची. साखर नको, संत्र्याची गोडी पुरते. मुले भाजी खात नसतील तर त्यांना आधी ही द्या.

कधी काय घ्यावे

नागपुरी संत्र्याचे दोन बहार आपल्याकडे येतात. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन डिसेंबरपर्यंत, तर मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. दीक्षाभूमीवरून येताना आपण संत्रा बर्फी आणतो. ती आनंदाने खावी, पण ती मिठाई आहे हे लक्षात ठेवावे. फळाचे काम फळच करते. जालन्याची मोसंबी हा दुसरा चांगला पर्याय. मोसंबी हे नाव आफ्रिकेतल्या मोझांबिकवरून आले.

लिंबू पावसाळ्यात स्वस्त आणि एप्रिल-मेमध्ये महाग. म्हणून स्वस्ताईत एक युक्ती करा. रस काढून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि खडे पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवा. एक खडा म्हणजे जवळपास एक लिंबू. उन्हाळ्यात लिंबू परवडत नसेल तर कैरी घ्या.

घेताना लिंबू पातळ सालीचे, तुकतुकीत आणि आकाराच्या मानाने जड पाहून घ्या. कापण्याआधी ओट्यावर तळहाताने दाबून फिरवले की रस जास्त निघतो.

१४ एप्रिलचे सरबत

जयंतीच्या मिरवणुकीत आपली मंडळे उन्हात चालणाऱ्यांना सरबत वाटतात. हे काम चांगले आहे, पण अस्वच्छ पाण्याने तेच सरबत शंभर घरांत जुलाब पोहोचवू शकते. म्हणून प्रमाण आणि काळजी दोन्ही लिहून देत आहोत.

५० पेल्यांसाठी (पेला २०० मि.लि.) : उकळून गार केलेले किंवा शुद्ध पाणी १० लिटर, लिंबे २५, साखर अर्धा किलो, मीठ सपाट दोन चहाचे चमचे. आवडत असल्यास भाजलेल्या जिऱ्याची पूड.

बर्फ खाण्यायोग्यच आणा. न खाण्याचा बर्फ निळसर करण्याचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो चांगलाच असे समजू नका. कुठून येतो ते विचारा. शंका असेल तर बर्फ पाण्यात न टाकता भांड्याच्या बाहेरून लावा. मधुमेह असणाऱ्यांसाठी बिनसाखरेचे एक वेगळे पातेले ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. पेले मोरीच्या बादलीत बुचकळून पुन्हा वापरू नका.

कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर सरबतावर विसंबू नका. ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात मिसळून द्या. पुडी नसेल तर एक लिटर शुद्ध पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ.

लिंबू काय करत नाही

लिंबू हे औषध नाही. हिमोग्लोबिन नऊ असेल तर कोशिंबिरीने ते बारा होणार नाही. गोळ्या घ्याव्याच लागतील. लोहाच्या गोळीत लोह भरपूर असते, त्यामुळे तिच्याबरोबर लिंबू घेतलेच पाहिजे असे नाही. पण तिच्याबरोबर चहा, दूध किंवा कॅल्शियमची गोळी नकोच. गोळीने शौचाला काळे होते, त्याने घाबरून गोळी बंद करू नका. पोटात मळमळले तर जेवणानंतर घ्या आणि डॉक्टरांना सांगा. अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना, बाळंतिणींना, मुलांना आणि किशोरवयीन मुला-मुलींना या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रांतून, अंगणवाडीतून आणि शाळांतून मोफत मिळतात. तो आपला हक्क आहे, मागून घ्या.

सकाळच्या लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी संत्री-मोसंबी डॉक्टरांना विचारूनच खावीत, कारण त्यांत पोटॅशियम असते. मधुमेह असेल तर रस न पिता अख्खे फळ खावे. आंबट खाल्ल्यावर पाण्याने चूळ भरा, लगेच ब्रश करू नका. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी उपाशीपोटी लिंबू टाळावे. मात्र रक्तदाब असणाऱ्यांना लिंबू उपयोगी आहे. लिंबाच्या आंबटपणामुळे कमी मिठातही जेवण बेचव लागत नाही. दिवसभरात सगळे मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका सपाट चहाच्या चमच्याएवढे असावे. त्यात लोणचे आणि पापडही मोजा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. एव्हरशाईन आणि आसपास आपली अनेक कुटुंबे विदर्भातून आलेली आहेत. विदर्भातील आपल्या समाजात तसेच पालघरच्या आदिवासी बांधवांमध्ये सिकलसेलचे रुग्ण आढळतात. हा आजार जन्मतः असतो, आई-वडिलांकडून येतो. त्यात, किंवा थॅलेसेमियात, तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या घेत राहणे योग्य नाही. सतत अंग किंवा सांधे दुखणे, डोळे पिवळे होणे, घरात कुणाला वारंवार रक्त द्यावे लागणे असे काही असेल तर सिकलसेलची तपासणी करून घ्या. लग्न ठरवताना पत्रिका पाहणे आपण सोडले, त्या जागी दोघांची ही एक रक्ततपासणी ठेवू. यात लपवण्यासारखे काहीच नाही. आणि पाळीत फार रक्त जात असेल तर ते सहन करत बसू नका, रक्तक्षयाचे ते मोठे कारण आहे.

या महिन्याचा अभ्यास

रविवारी वंदनेनंतर महिला मंडळात हे पान एकीने मोठ्याने वाचावे आणि पुढील प्रश्नांवर बोलावे :

१. माझे हिमोग्लोबिन शेवटचे कधी तपासले? आकडा किती होता?
२. मी जेवणानंतर किती वेळाने चहा पिते?
३. आमच्या घरी लोखंडी कढई आहे का? ती वापरात आहे का?
४. घरात फळ आणले की ते कुणाकुणाच्या वाट्याला येते? शेवटी माझ्यासाठी किती उरते?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत सारखेच असेल. मुलांना एक, त्यांच्या बाबांना एक, सासूबाईंना एक आणि आईला साल काढताना तोंडात टाकलेली पाकळी. बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. तर मग सुरुवात घरातल्या ताटापासून करू. आज बाजारातून येताना एक संत्रे जास्त घ्या. ते कापून, पाकळ्या करून तिच्या ताटात ठेवा, आणि तिचे जेवण होईपर्यंत चहाचे आधण ठेवू नका.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा. आकडा वहीत लिहून ठेवा.

जय भीम, नमो बुद्धाय!